मालक कोण? एका प्रश्नाची सहा उत्तरं

"तुमचा मालक कोण?" ऊसतोडणीच्या एका हंगामात मी आणि माझ्या विद्यार्थ्यांनी हा एकच प्रश्न सहा जणांना विचारला. सहाही जण आपापल्या कामातले जाणकार होते. उत्तरंही सहा आली, आणि एकाचं दुसऱ्याशी जुळलं नाही. समाजशास्त्र शिकवायला लागून मला सत्तावीस वर्षं झाली. श्रम आणि न्याय यांच्याबद्दल मला जे काही कळलंय, त्यातलं बरंचसं या न जुळलेल्या उत्तरांनी शिकवलं.

बीड जिल्ह्यात, बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी शिकवते. इथे पाऊस कमी आणि जमीन हलकी. दसरा-दिवाळी झाली की घरांना कुलपं लागतात आणि ट्रक-ट्रॅक्टर भरभरून माणसं सांगली, कोल्हापूर, सातारा, सोलापूरकडे किंवा थेट कर्नाटकात बेळगावकडे निघतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे 'एक कोयता'. एकटा माणूस असेल तर 'अर्धा कोयता'. माझ्या वर्गातल्या मुलांनी हे शब्द आईच्या कडेवर असताना ऐकलेले असतात.

अकरावीला आम्ही प्रकल्प देतो : असंघटित कामगारांविषयी तज्ज्ञांच्या मुलाखती. बरीच वर्षं मुलं गावातल्या पुढाऱ्याकडे, तालुक्याच्या अधिकाऱ्याकडे, नाहीतर एखाद्या प्राध्यापकाकडे जात आणि 'ऊसतोड कामगारांचे जीवन हलाखीचे आहे, शासनाने लक्ष द्यावे' असं लिहून आणत. त्यात खोटं काहीच नव्हतं, पण मुलाखतीला जायच्या आधीही ही वाक्यं मुलांना पाठच होती. ज्यांचे आईवडील फडात राबतात त्यांनी आपल्याच घराविषयी इतकं कोरडं लिहावं, याचं मला वाईट वाटायचं. दोष मुलांचा नव्हता. तज्ज्ञ कुणाला म्हणायचं, हे मीच त्यांना नीट सांगितलं नव्हतं.

2024 च्या दिवाळीआधी वर्गातल्या एका मुलीने सरळच विचारलं, "मॅडम, तज्ज्ञ माणूस ओळखायचा कसा?" तिचे आईवडील पंधरा दिवसांत निघणार होते. घरी म्हाताऱ्या आजीजवळ राहून ती शिकणार होती. त्या दिवशी आम्ही वर्गात एक व्याख्या केली. एक टन ऊस तोडला की त्याचे पैसे ज्या ज्या हातांतून जातात, तो प्रत्येक हात तज्ज्ञ. फळ्यावर चार नावं आली : तोडणारी बाई, मुकादम, कारखान्याच्या शेती विभागातला माणूस आणि ऊस लावणारा शेतकरी. काही बिघडलं की लोक ज्यांच्याकडे धाव घेतात असे आणखी दोघं आम्ही त्यात घातले, डॉक्टर आणि वकील. सगळ्यांना पहिला प्रश्न एकच विचारायचा, असंही ठरलं.

जानेवारीत तीन विद्यार्थ्यांना घेऊन मी एसटीने कृष्णाकाठी गेले. ती मुलगीही सोबत होती. तिच्या आईवडिलांची टोळी तिथेच उतरली होती. उसाच्या पाचटाच्या आणि ताडपत्रीच्या कोप्या, मधे चुली, कडेला वाढ्याचे भारे. पहाटे चारला फडात गेलेली माणसं संध्याकाळी परतली होती. तिच्या आईला एका मुलाने विचारलं, "मावशी, तुमचा मालक कोण?" भाकरी थापता थापता तिने हनुवटीने कोयत्याला धार लावणाऱ्या नवऱ्याकडे दाखवलं. "ह्ये काय बसल्यात."

आमच्याकडे नवऱ्याला मालक म्हणतात, शेतवाल्याला मालक म्हणतात आणि कामावर ठेवणाऱ्यालाही मालकच म्हणतात. एकाच शब्दात तीन माणसं बसलेली असताना आम्ही तो शब्द घेऊन फडावर गेलो होतो. म्हणून प्रश्न बदलला : "कोयता कुणामुळे हातात घेतलात?" ती लगेच म्हणाली, "उचलीमुळं."

उचल म्हणजे हंगामाआधी घेतलेली आगाऊ रक्कम. या जोडीने पावसाळ्यात एक लाख रुपये उचलले होते. थोरल्या लेकीचं लग्न झालं होतं आणि बी-बियाण्याची उधारी होती. स्टँपपेपरवर सही नवऱ्याची. "माझा अंगठा कुठंच न्हाई," ती म्हणाली, "पर मोळी माझ्याच डोक्यावर."

परत आल्यावर या लाखाचा हिशेब आम्ही वर्गात फळ्यावर मांडला. त्या वेळी तोडणीचा दर टनाला सुमारे 366 रुपये होता. लाख रुपये फेडायला जवळपास 273 टन ऊस तोडावा लागतो. चांगला कोयता दिवसाला दोन टन तोडतो, म्हणजे 137 दिवस. त्या वर्षी राज्यात गळीत हंगाम 15 नोव्हेंबरला सुरू झाला. तिथून 137 दिवस मोजले तर 31 मार्च येतो. याचा अर्थ एकही दिवस आजारी पडायचं नाही, गाडी उशिरा आली म्हणून बसून राहायचं नाही आणि लेकराला दवाखान्यात न्यायचं नाही. दर आठवड्याला किराण्यासाठी मिळणारी खर्चीही याच खात्यात चढते. एक दिवस चुकला की 'खाडा', आणि खाड्याचा दंड वेगळा. यांच्या कारखान्याचा पट्टा मार्चच्या पहिल्या आठवड्यातच पडला, म्हणजे गाळप थांबलं. उरलेली बाकी पुढच्या हंगामावर फिरली. भागाकाराचं हे गणित मुलं पाचवीतच शिकलेली होती. बाकी फिरते म्हणजे काय, हे मात्र फळ्यावरचे आकडे बघताना त्यांना पहिल्यांदा कळलं.

मुकादमाला आम्ही दुसऱ्या दिवशी गाठलं. मुलांच्या मनात मुकादम म्हणजे खलनायक. समोर पन्नाशीचा माणूस बसला होता. त्याने स्वतः बारा वर्षं ऊस तोडलेला, हातावर पाचटाचे जुने ओरखडे. त्याच्याकडे चौदा कोयते होते. "मी कशाचा मालक? मी जामीन आहे," तो म्हणाला. कारखान्याकडून वाहतूक ठेकेदारामार्फत उचलीचे पैसे तो आणतो, स्वतःच्या नावावर घेतो आणि जोड्यांना वाटतो. एखादी जोडी दुसऱ्याकडून उचल घेऊन पळाली तर भरपाई त्याच्या चार एकरांतून. मजुरीवर शेकडा वीसच्या आसपास कमिशन मिळतं, ते याच जोखमीचं, असं त्याचं म्हणणं. खाडे का कापता, असं विचारल्यावर तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "टोळीत एक कोयता कमी पडला की गाडी भरत नाही. गाडी भरली नाही तर मला वरून बोलणी." मुलांनी 'वरून' या शब्दाखाली रेघ मारली. मालकाचं नाव विचारलं तर त्याने बोट कारखान्याच्या धुराड्याकडे केलं.

कारखान्याच्या शेती विभागातले कर्मचारी सभ्य गृहस्थ होते. चहा झाल्यावर त्यांनी कराराचा छापील नमुना पुढे ठेवला. "तोडणी मजूर आमचे नाहीत. आमचा करार ठेकेदाराशी." कागदावर तसंच होतं. मग आमच्यातल्या त्या मुलीने विचारलं, "सर, आज कोणत्या टोळीने कुणाच्या फडात जायचं, हे कोण ठरवतं?" ते म्हणाले, "आम्हीच." संगणकावर त्यांनी तोडणीचा कार्यक्रम उघडून दाखवला : टोळी, कोयत्यांची संख्या, शेतकऱ्याचं नाव, लागणीची तारीख. मुलांना समजेल अशा भाषेत त्यांनी हेही सांगितलं की ऊस तुटल्यापासून वाळायला लागतो, वजन घटतं आणि साखरेचा उतारा पडतो. म्हणून चोवीस तासांच्या आत तो गव्हाणीत पडायला हवा. रात्री एक वाजता गाडी फडावर का येते आणि दिवसभर तोडणी केलेली बाई तेव्हा मोळी घेऊन फळीवरून का चढते, याचं शास्त्रीय कारण आम्हाला त्यांच्याकडून मिळालं. ते आपलं काम मन लावून समजावत होते. मजूर 'आमचे नाहीत' आणि त्यांचा दिवस व रात्र मात्र 'आम्ही ठरवतो', ही दोन्ही विधानं त्यांनी अर्ध्या तासाच्या अंतराने केली. दोन्ही आम्ही शब्दशः लिहून घेतली.

चौथे जाणकार दोन एकर ऊस लावणारे शेतकरी. त्यांच्याकडे कागद जास्त होते, कारण उसाच्या पैशासाठी कायदा आहे. 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार ऊस गेल्यापासून 14 दिवसांत पैसे द्यावे लागतात. त्या हंगामाची एफआरपी, म्हणजे रास्त आणि किफायतशीर दर, 10.25 टक्के उताऱ्याला टनामागे 3,400 रुपये होती. "पण माझ्या हातात इतके येत नाहीत," ते म्हणाले. तोडणी आणि वाहतुकीचा खर्च कारखाना त्यांच्या बिलातून कापतो. बिलावरची ती ओळ त्यांनी बोटाने दाखवली. शिवाय पाळी लवकर लागावी म्हणून एकरी 'खुशाली' द्यावी लागते, ती वेगळी. "मजुरांचे पैसे माझ्या बिलातून जातात, म्हणजे मालक मीच की! पण त्यांना किती मिळतात ते मला कधीच कळलं नाही."

इथपर्यंत आलो तेव्हा मुलं गोंधळली होती, आणि मला तो गोंधळ हवा होता. पैसे शेतकऱ्याच्या बिलातून निघतात, कारखाना कापतो, ठेकेदार नेतो, मुकादम वाटतो आणि नवरा घेतो. घाम नवऱ्याचा आणि बायकोचाही असतो, पण बायकोचं नाव एकाही कागदावर नाही.

बीडला परतल्यावर आम्ही तालुक्यातल्या एका स्त्रीरोगतज्ज्ञ डॉक्टर मॅडमना भेटलो. आमच्या भागात 'पिशवी काढली' हे वाक्य बायका दात काढला म्हणावं इतक्या सहज बोलतात. गर्भाशयाच्या या शस्त्रक्रियांचा बोभाटा झाल्यावर राज्य सरकारने 2019 मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तेव्हाच्या पाहणीत बीड जिल्ह्यातल्या 82,309 ऊसतोड महिलांपैकी 13,861 जणींची गर्भाशयं काढलेली आढळली. म्हणजे दर सहा जणींत एक. 2015-16 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या 15 ते 49 वयाच्या बायकांमध्ये हेच प्रमाण सुमारे 3 टक्के होतं. दोन्ही पाहण्यांची पद्धत एक नाही, तरीही फरक डोळ्यांत भरतो.

डॉक्टर मॅडमनी कारणं एकेक करून सांगितली. फडावर संडास नाही, अंघोळीला आडोसा नाही, पाळीच्या दिवसांत कापड बदलायला जागा नाही. त्यातून जंतुसंसर्ग होतो आणि अंगावरून जायला लागतं. सहा महिने अंगावर काढल्यावर बाई दवाखान्यात येते. औषधांनी बरा होणारा आजार असतो, पण तिला कुणीतरी कॅन्सरची भीती घातलेली असते. "आणि पुष्कळदा बाई स्वतःच म्हणते, हंगामाच्या आत उरकून टाका," त्या म्हणाल्या. औषधाला महिने लागतात आणि तेवढे खाडे परवडणारे नसतात. मालक कोण, याचं उत्तर त्यांनी असं दिलं : "मला नाव माहीत नाही. माझ्या बायकांच्या ऑपरेशनच्या तारखा मात्र साखरेचा हंगाम ठरवतो."

शेवटचे तज्ज्ञ कामगार कायद्याचे जुने वकील. ते छत्रपती संभाजीनगरला राहतात. आमच्या वह्या त्यांनी आधी नीट वाचल्या. मग 1978 च्या एका खटल्याची गोष्ट सांगितली. केरळातल्या एका दोरखंडाच्या कारखान्यातल्या मजुरांविषयी मालक म्हणाला, हे ठेकेदाराचे, माझे नाहीत. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांच्या खंडपीठाने ते मान्य केलं नाही. मधे ठेकेदाराचा पडदा असेल तर तो बाजूला सारून बघायचं : माल कुणाच्या धंद्यासाठी तयार होतो, आणि कुणी हात आखडता घेतला तर मजुराची चूल विझते? कायद्याच्या नजरेत मालक तोच. हुसेनभाई खटला या नावाने हा निकाल ओळखला जातो. 1982 च्या एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक गोष्ट सांगितली : किमान वेतनापेक्षा कमी पैशांत करावं लागणारं काम म्हणजे राज्यघटनेच्या कलम 23 ने बंदी घातलेली वेठबिगारी. 21 नोव्हेंबर 2025 पासून चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या आणि जुन्या कायद्यांची नावं बदलली, तेव्हा मी त्यांना पुन्हा फोन केला. ते म्हणाले, "नाव कोणतंही असू द्या, बाई. आधी मजूर कुणाचा हे ठरलं पाहिजे. तिथेच सगळं अडतं."

पहिल्या भेटीत, निघताना वकिलांनी मुलांना एक प्रश्न दिला होता : "मालक कोण हे विचारू नका. दर कोण ठरवतं, ते शोधा."

मुलांनी जुनी वर्तमानपत्रं काढली. जानेवारी 2024 मध्ये संपाच्या इशाऱ्यानंतर तोडणीच्या दरात 34 टक्के वाढ झाली होती. वाटाघाटीच्या टेबलाच्या एका बाजूला ऊसतोड कामगारांच्या संघटना होत्या. दुसऱ्या बाजूला होता सहकारी साखर कारखान्यांचा राज्य संघ. त्या बाजूला मुकादम नाही, ठेकेदार नाही, शेतकरीही नाही. मजुराशी आमचा करारच नाही, असं प्रत्येक कारखाना सांगतो. पण मजुरी किती द्यायची हे ठरवायला कारखान्यांचा संघच बसतो. वर्तमानपत्राच्या त्या कात्रणाजवळ मुलांनी शेती विभागाच्या गृहस्थांची दोन वाक्यं चिकटवली. प्रश्नाचं उत्तर सहाही जणांच्या बोलण्यात तुकड्या-तुकड्यांनी होतं. ते जोडायचं काम मात्र एकाही तज्ज्ञाचं नव्हतं, विद्यार्थ्यांचं होतं.

यावर उपाय काय, हे शोधायला फार लांब जावं लागत नाही. बाजारातल्या हमालाचाही असाच प्रश्न होता. सकाळी एका व्यापाऱ्याची पोती, दुपारी दुसऱ्याची, मग मालक कोण? मुंबईत अण्णासाहेब पाटील आणि पुण्यात बाबा आढाव यांनी बांधलेल्या संघटनांच्या लढ्यातून महाराष्ट्राने त्याचं उत्तर काढलं, 1969 चा माथाडी कायदा. हमाल आणि व्यापारी दोघांचीही नोंद मंडळाकडे होते. व्यापारी मजुरी आणि त्यावरची लेव्ही मंडळात भरतो. मंडळ मजुरी देतं आणि भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, रजेचा पगारही सांभाळतं. मालक अनेक असले तरी जबाबदारी हरवत नाही. ऊसतोडणीत तर कारखान्याच्या काट्यावर प्रत्येक टनाची नोंद आहे. नोंद ठेवण्याची अडचण कुणी सांगू शकत नाही.

सरकारने काहीच केलेलं नाही असं नाही. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ आहे, गाळपाच्या टनामागे कारखान्यांनी 10 रुपये देण्याची व्यवस्था आहे, ग्रामसेवकामार्फत ओळखपत्रं दिली जातात. मुलांसाठी हंगामी वसतिगृहं आहेत, आणि त्यांच्यामुळे माझ्या वर्गातली काही मुलं टिकली, हे मी पाहिलंय. पण हे महामंडळ कामगार विभागाकडे नाही, सामाजिक न्याय विभागाकडे आहे. हा तपशील मला महत्त्वाचा वाटतो. मदत मिळते ती लाभार्थी म्हणून. कामगार म्हणून मागायचा हक्क, म्हणजे किमान वेतन, बाळंतपणाची रजा, अपघाताची भरपाई, हे सगळं मालक ठरल्याशिवाय सुरूच होत नाही. सामाजिक न्याय आणि कामगारांचा प्रश्न हे पाठ्यपुस्तकात दोन वेगळे धडे आहेत. माझ्या गावात ते एकाच बाईच्या डोक्यावरच्या मोळीत बांधलेले आहेत.

मुलाखत कशी घ्यायची, हेही आम्ही त्या हंगामात शिकलो. 'किती त्रास होतो' असं विचारलं की माणूस 'काय सांगायचं' म्हणून थांबतो. 'काल गाडी किती वाजता भरली' असं विचारलं की सगळा दिवस उलगडतो. मुकादम जवळ उभा असताना मिळालेलं उत्तर आणि चुलीपाशी मिळालेलं उत्तर वेगळं असतं. दोन्ही लिहायची, आणि कोणतं कुठे मिळालं तेही लिहायचं. बाईला विचारलं आणि उत्तर नवऱ्याने दिलं, तर तीही एक नोंदच. आणि लिहून झालं की ज्याचं बोलणं आहे त्याला वाचून दाखवायचं. आम्ही वाचून दाखवलं तेव्हा त्या आईने एकच दुरुस्ती सांगितली. आम्ही 'दोघांनी दोन टन' लिहिलं होतं. ती म्हणाली, "तोडायचे दोन. भरायचे बी दोन. भरल्याचं लिवा."

जानेवारीत कृष्णाकाठाहून परतताना ती मुलगी आईजवळ एक शंभर पानी वही ठेवून आली. आईला अक्षर येत नाही, पण आकडे येतात. रोज कोऱ्या पानावर गाडीच्या खेपेची रेघ ओढायची आणि वजनाची पावती त्याच पानात घालायची, एवढंच तिने समजावलं होतं. मार्चमध्ये टोळी गावी आली आणि मुकादमाच्या ओट्यावर हिशेब झाला. त्याच्या डायरीत या जोडीच्या चार खेपा कमी भरत होत्या. आईने वही पुढे केली आणि मुलीने पावत्यांचे नंबर आणि तारखा एकेक करून वाचल्या. मुकादमाने डायरीची पानं मागे उलटली, दोनदा पडताळून पाहिलं आणि चारही खेपा लिहून घेतल्या. बाकी तेवढ्याने कमी झाली, फिटली नाही. पण आता ओट्यावर बसलेले आणखी तिघं-चौघं तिला त्या वहीबद्दल विचारत होते.

प्रकल्पाच्या शेवटच्या पानावर 'मुलाखत दिलेल्या तज्ज्ञांची यादी' लिहायची असते. तिने सहा जणांची नोंद केली होती आणि प्रत्येकापुढे अनुभवाची वर्षं लिहिली होती. वकील चाळीस, डॉक्टर अठरा. आईपुढे तिने एकवीस लिहिलं होतं. त्या पानावर मी सही केली.